आकडा आला, पण कशाचा? ऊर्जा-पदार्थांवरचे वाचकांचे प्रश्न

सुपरकपॅसिटर (झटपट भरणारे-रिकामे होणारे विद्युतभार-साठवक), सौर घट आणि त्यांच्या पदार्थांची गणितं, यांवरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त गेली आहे. त्यात विचारलेली अडचण निकेल फोमवर (निकेलच्या सच्छिद्र पत्र्यावर) काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतेच.

प्रश्न: हायड्रोथर्मल पद्धतीने (बंद भांड्यात द्रावण तापवून) निकेल फोमवर निकेल कोबाल्टाइट वाढवलं. इलेक्ट्रोडचा आकार एक चौरस सेंटिमीटर, चढलेलं वजन १.२ मिलिग्रॅम. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १ अँपिअर प्रति ग्रॅमला ०.४५ व्होल्टच्या विंडोत (व्होल्टेजच्या पल्ल्यात) डिस्चार्जला ८४० सेकंद लागले, म्हणजे १८६७ फॅरड प्रति ग्रॅम. परीक्षकांनी "हा कपॅसिटर नाही आणि वस्तुमानावर विश्वास बसत नाही" असा शेरा मारून पेपर परत पाठवला. चुकलं कुठे? (संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: शेऱ्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे.

आधी पहिला भाग. प्रति ग्रॅम फॅरड हे एकक तेव्हाच अर्थपूर्ण असतं, जेव्हा साठलेला विद्युतभार व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलतो. सोडियम सल्फेटमधलं मँगनीज डायऑक्साइड असं वागतं. त्याचा सीव्ही (व्होल्टेज मागेपुढे फिरवून काढलेला प्रवाहाचा आलेख) जवळपास आयताकृती येतो आणि डिस्चार्जची रेषा सरळ उतरते. निकेल-कोबाल्टची ऑक्साइडं अल्कलीत तशी वागत नाहीत. सीव्हीत ठळक शिखरं येतात, डिस्चार्जमध्ये पठार दिसतं. हे बॅटरीचं वागणं आहे. पठारावर व्होल्टेज फारसं बदलत नाही आणि आपण मात्र पूर्ण ०.४५ने भागतो. विंडो ०.४० घेतली तर तोच इलेक्ट्रोड अचानक 'सुधारतो'. म्हणून अशा पदार्थासाठी कूलंब प्रति ग्रॅम किंवा मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम द्या. तुमचा आकडा ८४० कूलंब प्रति ग्रॅम, म्हणजे ३६०० मिलिकूलंबला एक मिलिअँपिअर-तास या हिशेबाने २३३ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम.

आता हा आकडा पदार्थाला झेपतो का ते पाहा. निकेल कोबाल्टाइटचं रेणुभार २४०.५. एका सूत्र-एककामागे एक इलेक्ट्रॉन धरला तर ९६४८५ भागिले २४०.५ म्हणजे ४०१ कूलंब प्रति ग्रॅम. तुमच्या ८४०चा अर्थ असा की प्रत्येक सूत्र-एककाने २.१ इलेक्ट्रॉन दिले. त्यात धातूचे अणू तीनच. म्हणजे पृष्ठभागावरचेच नव्हे तर आतले मिळून सत्तर टक्के धातू-अणू दर फेरीला कामाला लागले. अगदी पातळ पत्र्यांसारखी रचना असेल तर हे अशक्य म्हणता येणार नाही, पण एवढा आकडा आला की तराजूवर शंका घ्यायची. हे गणित दोन मिनिटांचं आहे, पेपर पाठवण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात करून पाहावं.

आणि तराजूतच खरी गोम आहे. साधारण निकेल फोम चौरस सेंटिमीटरला ३० ते ४० मिलिग्रॅम भरतो. त्यावर १.२ मिलिग्रॅमची वाढ मोजायची. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर दोन वजनांच्या फरकातच दहा टक्क्यांच्या पुढे अनिश्चितता येते. त्याहून वाईट गोष्ट अशी की ऑटोक्लेव्हमध्ये (हायड्रोथर्मलच्या बंद भांड्यात) फोम निष्क्रिय राहत नाही. नायट्रेट क्षारांचं द्रावण सुरुवातीला आम्लधर्मी असतं, ते निकेल खातं. समजा, फोमचं ०.६ मिलिग्रॅम निकेल द्रावणात गेलं आणि ऑक्साइड १.८ मिलिग्रॅम चढलं. तराजू सांगेल १.२. तुम्ही लावलेला प्रवाह १.२ मिलिअँपिअर, वेळ ८४० सेकंद, एकूण भार १.००८ कूलंब. त्याला खऱ्या १.८ मिलिग्रॅमने भागलं की ८४०चे ५६० होतात. शिवाय फोमच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड बनतं आणि तेही भार साठवतं. कोऱ्या फोमने त्याच प्रवाहाला १५० सेकंद दिले तर ०.१८ कूलंब त्याचे. ते वजा करून उरतात ४६० कूलंब प्रति ग्रॅम, म्हणजे १२८ मिलिअँपिअर-तास. जवळजवळ निम्मा आकडा फोमने आणि तराजूने दिलेला होता.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील. ते काढायचे असे:

कोरा फोम घ्या, पण नुसता धुतलेला नको. धातूचे क्षार सोडून बाकी सगळं, म्हणजे तेवढाच युरिया, तेवढंच तापमान, तेवढेच तास आणि नंतरचं भट्टीतलं तापवणं, त्यालाही मिळू द्या. क्षार नसल्याने द्रावणाची आम्लता वेगळी राहते, त्यामुळे या नमुन्यावरून झीज कळणार नाही. पृष्ठभागाचा वाटा मात्र कळेल. वजाबाकी अगदी काटेकोर नसते, कारण ऑक्साइडखाली झाकलेला फोम उघड्या फोमइतका भाग घेत नाही. तरी कोरा नमुना दाखवला की वाचकाला अंदाज येतो.

वस्तुमानासाठी कोबाल्ट मोजा. फोममध्ये कोबाल्ट नगण्य असतं (कोऱ्या फोमवर तेही तपासून घ्या). इलेक्ट्रोड आम्लात पूर्ण विरघळवून आयसीपीवर (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) कोबाल्ट काढा. निकेल कोबाल्टाइटमध्ये वजनाने ४९ टक्के कोबाल्ट असतं. ०.८८ मिलिग्रॅम सापडलं तर ऑक्साइड १.८ मिलिग्रॅम. निकेल फोमचंही विरघळतं, पण ते मोजायचंच नसल्याने बिघडत नाही. अट एकच: कोबाल्ट आणि निकेलचं प्रमाण खरोखर दोनास एक आहे हे त्याच पद्धतीच्या खरवडलेल्या पावडरवर आधी पक्कं करा.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आधारच बदलणं. कार्बन कापडावर किंवा ग्राफाइट पत्र्यावर तीच वाढ करा. आकडा खाली येईल, पण तो पदार्थाचा असेल.

पुढे असममित उपकरण (दोन बाजूंना वेगळे पदार्थ असलेलं) करणार असाल तर वजनं आधी जुळवा. ऋण बाजूच्या सक्रिय कार्बनने १ व्होल्टच्या पल्ल्यात १५० कूलंब प्रति ग्रॅम दिले तर ४६० भागिले १५०, म्हणजे सुमारे तिप्पट कार्बन लागेल. १.८ मिलिग्रॅमला ५.५. ऊर्जा काढताना 'अर्धा सी व्ही वर्ग' (सी म्हणजे धारिता, व्ही म्हणजे व्होल्टेज) वापरू नका, तो सरळ रेषेसाठी आहे. डिस्चार्ज वक्राखालचं क्षेत्रफळ प्रवाहाने गुणा. सरासरी १.२ व्होल्टला ०.८२८ कूलंब मिळाले तर एक ज्यूलच्या आसपास ऊर्जा. दोन्ही बाजूंच्या ७.३ मिलिग्रॅमने भागलं तर ३८ वॉट-तास प्रति किलो येतात, फक्त धन बाजूच्या १.८ने भागलं तर १५३. दुसरा आकडा पेपरांत अधूनमधून दिसतो. त्याला भुलू नये.

प्रश्न: पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सिल्व्हर/सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड चालतो का? विभागात तोच एक आहे. (एम. एस्सी. द्वितीय वर्ष)

उत्तर: दहा-पंधरा मिनिटांच्या सीव्हीला चालवून नेता येतो, हजार फेऱ्यांच्या चाचणीला नाही. हायड्रॉक्साइड आत झिरपून सिल्व्हर क्लोराइडचं ऑक्साइड करू लागतं, टोकाची सच्छिद्र काच खाल्ली जाते आणि संदर्भाचं पोटेन्शिअल हळूहळू सरकतं. वक्र मात्र छानच दिसतो, त्यामुळे चूक कळत नाही. अल्कलीसाठी मर्क्युरी/मर्क्युरिक ऑक्साइड घ्या आणि त्यात तुमच्या सेलमधल्याच तीव्रतेचं द्रावण भरा.

आकडे हायड्रोजन संदर्भावर नेताना पुस्तकातल्या स्थिरांकावर विसंबण्यापेक्षा मोजून घेणं बरं. सेलमधून हायड्रोजन बुडबुडवा, स्वच्छ प्लॅटिनम तार काम करणारा इलेक्ट्रोड म्हणून लावा आणि प्रवाह शून्य होतो ते पोटेन्शिअल नोंदवा. तोच तुमचा फरक. १ मोलर द्रावणाचा पीएच १४ धरायचा की १३.८, या वादात १२ मिलिव्होल्ट अडकलेले असतात. मोजलं की वादच राहत नाही.

हायड्रोजन निर्मितीचे उत्प्रेरक तपासत असाल तर विरुद्ध इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा ठेवू नका, ग्राफाइटची कांडी लावा. प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुमच्या नमुन्यावर जाऊन बसतं. मग 'फेऱ्यांनंतर उत्प्रेरक सुधारला' असा जो निष्कर्ष निघतो, तो प्लॅटिनमबद्दल असतो.

प्रश्न: झिंक ऑक्साइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वहनासाठी ओलांडावं लागणारं ऊर्जेचं अंतर) टाऊक आलेखावरून (प्रकाश-शोषणाच्या मोजणीवरून) ३.२५ आला. मार्गदर्शकांनी डीएफटी (इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेलं क्वांटम गणित) करायला सांगितलं. क्वांटम एस्प्रेसो या सॉफ्टवेअरने ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट दिला. प्रयोग चुकला की गणित? (संशोधक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर: दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पीबीई फंक्शनलने (डीएफटीतल्या एका प्रचलित अंदाज-सूत्राने) झिंक ऑक्साइडचा गॅप ०.८च्या आसपासच येतो. उलट ३.३ आला असता तर आम्ही इनपुट फाइल तपासायला सांगितली असती.

कोह्न आणि शाम यांची १९६५ची मांडणी पायाभूत अवस्थेची घनता आणि ऊर्जा काढण्यासाठी आहे. त्यातल्या समीकरणांतून ज्या ऊर्जापातळ्या निघतात, त्यांतलं अंतर म्हणजे इलेक्ट्रॉन उचलायला लागणारी ऊर्जा नव्हे. पीबीईसारख्या फंक्शनलमध्ये इलेक्ट्रॉनचा स्वतःशीच होणारा प्रतिकर्ष पूर्ण कटत नाही. सिलिकॉनमध्ये प्रयोगाचा १.१२ आणि पीबीईचा ०.६ अशी तफावत येते. झिंक ऑक्साइडमध्ये ती आणखी वाढते, कारण झिंकच्या ३डी पातळ्या असायला हव्यात त्यापेक्षा वर येतात, ऑक्सिजनच्या २पी पातळ्यांत मिसळतात आणि व्हॅलन्स बँडचा माथा वर ढकलतात.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. एचएसई०६ हे संकरित फंक्शनल सुमारे २.५ देतं. त्यातला अचूक एक्स्चेंजचा वाटा २५ टक्क्यांवरून ३७.५ टक्के केला की गॅप प्रयोगाशी जुळतो. तसं केलंत तर वाटा जुळवून घेतलेला आहे हे स्पष्ट लिहा. हबर्ड यू (ठरावीक कक्षकांवर लावायची ऊर्जेची दुरुस्ती) लावून ३डी पातळ्या खाली नेता येतात, पण फक्त झिंकवर यू लावून गॅप पूर्ण उघडत नाही. मग लोक ऑक्सिजनवरही मोठा यू लावून ३.३ 'मिळवतात'. प्रयोगाचा आकडा आधी ठाऊक असताना बटण फिरवून तोच आणणं याला भाकीत म्हणत नाहीत. जीडब्ल्यू पद्धत (इलेक्ट्रॉन काढण्या-घालण्याची ऊर्जा काढणारी) तत्त्वाने योग्य आहे, मात्र झिंक ऑक्साइडमध्ये ती रिकाम्या बँडच्या संख्येवर फार हळू स्थिरावते. थोड्या बँडवर थांबलं की चुकीचं उत्तर स्थिर झाल्यासारखं वाटतं. पहिल्याच कामात तिच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्याकडे कोणती फाइल आहे ते माहीत नाही, म्हणून क्रम सांगतो. वुर्टझाइटच्या एकक पेशीत चारच अणू असतात, पीबीईसाठी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. झिंकचं असं स्यूडोपोटेन्शिअल (अणूच्या गाभ्याऐवजी गणितात वापरायचं सोपं रूप) निवडा ज्यात ३डी इलेक्ट्रॉन व्हॅलन्समध्ये आहेत. ते गाभ्यात गाडलेलं असेल तर पुढचं सगळं निरर्थक. मग वेव्हफंक्शनचा कटऑफ (गणितात घेतलेल्या लहरींची ऊर्जा-मर्यादा) ४० रिडबर्गपासून दहा-दहाने वाढवत जा. एकूण ऊर्जेतला फरक दर अणूमागे १ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली आला की थांबा. स्यूडोपोटेन्शिअल अल्ट्रासॉफ्ट प्रकारचं असेल तर घनतेचा कटऑफ त्याच्या ८ ते १२ पट ठेवा. नॉर्म-कन्झर्व्हिंगला चौपट पुरतो, पण तिथे वेव्हफंक्शनचा कटऑफच ८०-९०पर्यंत जातो. बरेच विद्यार्थी अल्ट्रासॉफ्टलाही मूळची चौपट तशीच सोडतात आणि पेशीवरचा ताण विचित्र का येतो हे शोधत बसतात. के-बिंदूंची जाळी ८×८×५पासून तपासा. सी अक्ष लांब असल्याने त्या दिशेला कमी बिंदू लागतात.

त्यानंतर पेशी आणि अणू दोन्ही शिथिल करा. पेशीचा आकार बदलला की सुरुवातीचा प्लेन वेव्हचा संच तिला नेमका बसत नाही, म्हणून शिथिल झालेल्या रचनेवर ताजं एससीएफ (घनता स्थिर होईपर्यंतच्या गणिताच्या फेऱ्या) चालवा, ताण पुन्हा बघा, आणि मगच बँड व डीओएस (ऊर्जापातळ्यांची दाटी) काढा. एससीएफ हेलकावे खात असेल तर मिक्सिंग (जुन्या घनतेत नवी मिसळण्याचं प्रमाण) ०.७वरून ०.३वर आणा. फेऱ्यांची मर्यादा वाढवत बसण्यात अर्थ नाही. एचएसईची गणितं मात्र लॅपटॉपवर रेटू नका. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर किंवा विद्यापीठाच्या क्लस्टरवर वेळ मिळतो का, याची मार्गदर्शकांमार्फत चौकशी करा.

आता तुमच्या ३.२५कडे. झिंक ऑक्साइडचा स्वीकृत गॅप ३.३७च्या आसपास आहे. तुमचा कमी का? त्यात एक्सायटॉनची बंधऊर्जा सुमारे ६० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, दोषांमुळे कडेला शेपूट येतं, आणि पारगम्यतेत परावर्तन आणि विखुरणं मिसळलेलं असतं. सरळ रेषा कुठून कुठपर्यंत ओढली यावर ०.०५चा फरक सहज पडतो. फिल्म जाड आणि गुळगुळीत असेल तर व्यतिकरणाच्या लाटांवरच रेष ओढली जाते. नमुना पावडर असेल तर शोषणांकाऐवजी कुबेल्का-मुंकचं फलन घ्या, म्हणजे (१ − आर)² भागिले २ आर. उघड्या काचेचा वर्णपट वजा केलात का तेही पाहा.

पेपरात दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा, पीबीई गॅप कमी सांगतं असं एक वाक्य लिहा, आणि डीएफटीचा उपयोग जिथे ती खरी उपयोगी आहे तिथे करा: कोणत्या कक्षकांपासून बँडच्या कडा बनल्या आहेत, डोपिंगने त्या कुठल्या दिशेला सरकतात, कोणता दोष बनायला स्वस्त आहे.

प्रश्न: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोकमाच्या रंगाचा सौर घट करायचा आहे. हार्डवेअरच्या दुकानातली टायटॅनियम डायऑक्साइड पावडर वापरून पाहिली, व्होल्टेज येतंच नाही. (विज्ञान शिक्षक, कुडाळ)

उत्तर: पावडर बदला. रंगकामाची टायटॅनियम पावडर बहुधा रुटाइल (एक स्फटिकरूप) असते, कण दोन-तीनशे नॅनोमीटरचे, आणि रंग उन्हात टिकावा म्हणून त्यांवर अॅल्युमिना-सिलिकाचा थर दिलेला असतो. ती प्रकाशात निष्क्रिय राहावी म्हणूनच बनवलेली आहे. तुम्हाला पी२५ या नावाने मिळणारी नॅनो पावडर हवी. कण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे, त्यामुळे रंगाला चिकटायला पृष्ठभाग पुष्कळ.

काच एफटीओची (फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा वाहक थर असलेली) घ्या. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडची) ४५० अंशांना तापवली की तिचा रोध वाढतो. वाहक बाजू मल्टिमीटरने ओळखा, वीस-तीस ओहम दाखवणारी ती. खलात २ ग्रॅम पी२५ घेऊन पीएच ३-४चं पातळ अॅसेटिक आम्ल एकूण ३ मिली, थेंबाथेंबाने घालत अर्धा तास घोटा. एकदम ओतलंत तर गुठळ्या राहतात. शेवटी भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब, पण तो घोटून फेस करू नका. काचेच्या तीन कडांना सेलोटेप लावा, मध्ये पेस्ट टाकून काचेच्या कांडीने एका ओढीत पसरा. टेप काढून सुकवा आणि ४५० अंशांवर अर्धा तास ठेवा. थर आधी तपकिरी होतो, मग पुन्हा पांढरा. पांढरा झाल्याशिवाय काढू नका, आणि काच भट्टीतच थंड होऊ द्या, बाहेर काढली की तडकते. थर नखाने निघत असेल तर तापमान कमी पडलं.

रंगासाठी ताज्या रातांब्याची साल घ्या. आमसूल किंवा आगळ नको, त्यात मीठ असतं. साल थोड्या पाण्यात कुस्करून गाळा. कोकमातलं अँथोसायनिन हे सायनिडिनचं आहे. त्याच्या रेणूत शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, ते टायटॅनियमच्या अणूला चिमट्यासारखे धरतात. अर्क फार दाट ठेवू नका, कारण कोकमातलं आम्लही टायटॅनियाला चिकटतं आणि रंगाची जागा अडवतं. टायटॅनियाची काच अर्कात बुडवून ठेवा, थर अर्ध्या तासात जांभळट झाला पाहिजे. मागून पाहिल्यावर पांढरे डाग दिसत असतील तर अजून ठेवा. मग आधी पाण्याने, नंतर स्पिरिटने धुऊन पूर्ण सुकवा. पालकाच्या पानांचा हिरवा रंग वापरायचा मोह टाळा, नुसतं हरितद्रव्य टायटॅनियाला नीट धरत नाही.

दुसऱ्या काचेची वाहक बाजू मेणबत्तीच्या ज्योतीवरून अर्धा मिनिट फिरवून काजळी धरा. द्रव: १० मिली इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१२७ ग्रॅम आयोडीन. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, मुलांच्या हाती बाटली देऊ नका. दोन काचा थोड्या सरकवून समोरासमोर ठेवा, क्लिपने दाबा आणि कडेला दोन थेंब सोडा, द्रव आपोआप आत ओढला जातो. बाहेर सांडलेला लगेच पुसा. तो तांब्याच्या चिमट्याला लागला की घट राहतो बाजूला आणि धातू-आयोडीनची छोटी बॅटरी तयार होते. म्हणून आधी काळ्या कापडाखाली मोजा. अंधारात व्होल्टेज जवळपास शून्य नसेल तर चिमटे पुसा.

प्रकाश टायटॅनियाच्या बाजूने द्या. ती बाजू ऋण. उन्हात ०.३ ते ०.५ व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर प्रवाह मिळाला तर काम फत्ते. तीन-चार घट एकसरीत जोडून एलसीडी कॅल्क्युलेटर चालतो, मोटार चालणार नाही. आणि एक घट रंगाशिवाय करा. टायटॅनिया स्वतः ३८७ नॅनोमीटरखालचं अतिनील शोषतो, त्यामुळे तोही थोडा प्रवाह देईल. कोकमाचं श्रेय किती, हे त्या दोघांतल्या फरकावरून कळेल आणि परीक्षकांनी विचारलंच तर मुलांकडे उत्तर असेल. ग्रेट्झेल आणि ओ'रिगन यांनी १९९१मध्ये जाहीर केलेल्या घटाची क्षमता सुमारे ७ टक्के होती. त्यात रुथेनियमचा रंग होता. कोकमाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: शेररच्या सूत्राने (क्ष-किरण विवर्तन म्हणजे एक्सआरडीतल्या शिखराच्या रुंदीवरून) १६ नॅनोमीटर येतात, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) ४०. कोणता आकडा द्यावा? (संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर: दोन्ही. शेरर स्फटिकाचा आकार देतो, टीईएममध्ये दिसणारा कण अनेक स्फटिकांचा बनलेला असू शकतो. मात्र १६ बरोबर आहेत का ते तपासा. २५.३ अंशांच्या शिखराची रुंदी ०.५ अंश असेल तर ती रेडियनमध्ये ०.००८७३. तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, कोन निम्मा घ्यायचा, म्हणजे १२.६५. सूत्रातला स्थिरांक ०.९ धरून उत्तर १६.३. यंत्राची स्वतःची रुंदी ०.१ अंश वर्गातून वजा केली तरी १६.६, फरक नगण्य. पण शिखर अरुंद असेल, समजा ०.१५ अंश, तर वजाबाकीशिवाय ५४ आणि वजाबाकीनंतर ७३ येतात. तेव्हा प्रमाणित सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्झाबोराइडवर यंत्राची रुंदी एकदा मोजून ठेवा. शंभराच्या पुढे हे सूत्र वापरू नका. स्फटिकात ताण असेल तर सगळी रुंदी आकाराच्या माथी मारली जाते, म्हणून चार-पाच शिखरं घेऊन विल्यमसन-हॉल आलेख काढा.

प्रश्न: पेरोव्स्काइट (लेड आयोडाइडपासून बनणारा सौर घटाचा प्रकाशशोषक पदार्थ) फिल्म उन्हाळ्यात आरशासारखी काळी येत होती, जुलैपासून राखाडी येते आणि दोन दिवसांत पिवळी पडते. ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूचं बंद खोकं) नाही. (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर: पिवळं दिसतं ते लेड आयोडाइड. एक्सआरडीत १२.७ अंशांना शिखर असेल तर खात्री झाली, पेरोव्स्काइटचं स्वतःचं १४.१ला येतं. दहा अंशांच्या खाली नवी शिखरं दिसली तर तो हायड्रेट, म्हणजे विघटनाची आधीची पायरी. ती कधीकधी कोरड्या हवेत उलटते, लेड आयोडाइडपर्यंत गेलेली उलटत नाही.

राखाडीपणा वेगळ्या कारणाने येतो. पाऊस सुरू झाला की स्पिनिंगच्या वेळीच (फिरत्या काचेवर द्रावण पसरतानाच) फिल्म हवेतलं पाणी घेते, स्फटिक थोड्या ठिकाणी सुरू होतात आणि मोठे, विरळ वाढतात. मध्ये उघड्या जागा राहतात. उपाय दोन. स्पिनकोटरला अॅक्रिलिकचं खोकं घालून कोरडा नायट्रोजन सोडा आणि आतला आर्द्रतामापक ३० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबा. खोलीतला एसी एवढं खाली नेत नाही. आणि डीएमएसओचा मार्ग घ्या: ४६१ मिलिग्रॅम लेड आयोडाइड, १५९ मिलिग्रॅम मिथाइलअमोनियम आयोडाइड, ७८ मिलिग्रॅम डीएमएसओ, ६०० मिलिग्रॅम डीएमएफ (शेवटचे दोन द्रावक). पहिल्या तिन्हींचा प्रत्येकी एक मिलिमोल. ४००० आरपीएमला फिरत असताना, फिल्म धूसर होण्याच्या आधी, अर्धा मिली डायइथाइल ईथर सोडा. पारदर्शक मधली अवस्था मिळाली पाहिजे, ती १०० अंशांवर काही मिनिटांत काळी होते. ईथर सोडायचा क्षण एक-दोन सेकंदांनी चुकला तरी फिल्म ढगाळ येते, आणि तो क्षण खोलीच्या तापमानाबरोबर सरकतो. म्हणून रोज पहिल्या दोन-तीन काचा फक्त वेळ ठरवण्यासाठी राखून ठेवा. ईथर फार ज्वलनशील आहे. हॉटप्लेट खोक्याबाहेर आणि दूर ठेवा.

शिसं पाण्यात विरघळतं त्या रूपात आहे आणि डीएमएफ ते हातमोज्यातून त्वचेपर्यंत नेतं. पातळ लॅटेक्स मोजे पुरत नाहीत, ब्यूटाइल रबरचे घ्या. खराब काचा, टिश्यू आणि स्पिनकोटरच्या भांड्यातला गाळ झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवून घातक कचऱ्यात द्या. सिंकमध्ये काहीही धुऊ नका.